सहा फुटांची उडी

माझ्या स्कॅनची ख्याती अशी की लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत पेंगणारा पाहुणा स्क्रीनवर आला की दचकून जागा होतो. एकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या निगेटिव्हमधल्या एका बाईंनी मला डोळा मारला होता. मी मशीन तसंच ठेवून चहा करायला उठलो. खोटं वाटत असेल तर मशीन अजून टेबलावर आहे, त्यालाच विचारा.

गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, "एकदम स्पष्ट करून द्या हं!" इतक्या वर्षांत मी एक शिकलो. स्पष्ट कुणालाच नको असतं. जे आठवतंय तेच हवं असतं, फक्त मोठं.

त्या दिवशी आलेले जुळे भाऊ सत्तरीचे होते. थोरले फक्त अकरा मिनिटांनी थोरले, पण ती अकरा मिनिटं त्यांनी सत्तर वर्षं पुरवली होती. दोघं इतके सारखे की देवाने ओळखीसाठी एकच खूण ठेवलेली: थोरल्यांच्या डाव्या गालावर तीळ, धाकट्यांच्या उजव्या. थोरल्यांच्या हातात एकच स्लाइड होती, रुमालात गुंडाळलेली. धाकट्यांच्या हातात थोरल्यांची छत्री, थोरल्यांची पिशवी आणि थोरल्यांचा चष्मा. मागे थोरल्यांच्या सौभाग्यवती. त्यांना मीही वहिनीच म्हणू लागलो.

"ही उडी," थोरले म्हणाले. "पोहण्याच्या तलावावर उडीचा मनोरा नवा बांधला तेव्हा सगळ्यात वरच्या फळीवरून पहिली उडी मी मारली. म्हणून मला गरुड म्हणतात. आणि मागे कठड्याला मिठी मारून उभा आहे ना, तो हा. म्हणून याला कठडा."

धाकटे हसले. अठ्ठेचाळीस वर्षं एकच विनोद ऐकलेला माणूस हसतो तसे.

आता तलावाची डागडुजी झाली होती. दारातल्या भिंतीवर ही उडी सहा फूट उंच लागणार, खाली पहिल्या उडीवाल्याच्या नावाची पितळी पाटी. कमिटीची अट एकच, फोटो खणखणीत हवा. पाटी कोरायला टाकायची घाई होती, म्हणून थोरले स्वतः समोर बसून स्कॅन करून घेणार होते.

"घरच्या प्रोजेक्टरवर नुसता ढग दिसायचा," वहिनी म्हणाल्या. "हे छडी घेऊन उभे राहायचे आणि सांगायचे, ढगात मी कुठे आहे ते."

"पायापाशी काळा फराटा आहे बघा," थोरले मला म्हणाले. "तो वेग. माणूस वेगात असला की असा फराटा उमटतो."

फोटो काढला होता मामांनी. मामांचा चष्मा बाटलीच्या बुडाइतका जाड. भाचे दोन आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण कोणता कोणता, या भानगडीत ते कधी पडले नाहीत. भल्या सकाळी तलावावर हे तिघंच होते. मामा गेले, म्हणजे साक्षीदार उरले दोन, आणि त्यातला एक छत्री धरून उभा.

मी स्लाइड उजेडात धरली. फिल्म उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी फुगलेली. अशी वाकडी फिल्म ढगच दाखवणार, मामांचा काय दोष!

"पुठ्ठ्याची चौकट फाटली म्हणून प्लॅस्टिकची मीच बसवली, माझ्या हाताने," थोरले म्हणाले. "वर खूणही केलीय. ती बाजू समोर धरायची."

मी फिल्म चौकटीतून सोडवली, रबरी फुग्याने धूळ उडवली, साच्यात ताणून सपाट बसवली. थोरल्यांच्या खुणेची बाजू समोर ठेवली, कारण गिऱ्हाइकाच्या खुणेवर शंका घेतली की बोलणी खावी लागतात. मग फोकस फिल्मच्या कणांवर आणला. चेहऱ्यावर नाही, कणांवर. कण सुटे दिसले की बाकी सगळं आपोआप दिसतं, अगदी नको ते सुद्धा.

स्क्रीनवर उडी उतरली. हवेत आडवा झालेला तरुण, गाल कॅमेऱ्याकडे, पाठ आभाळाकडे. मी गाल मोठा केला. डावा गाल. त्यावर मोहरीएवढा तीळ.

"बघ!" थोरल्यांनी धाकट्यांच्या पाठीत थाप मारली. "मशीन सुद्धा म्हणतंय गरुड!"

"म्हणतंय खरं," धाकटे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. तोही थोरल्यांचाच.

"अजून मोठा करा! तो वेग दाखवा वेग!"

मी वेगावर गेलो. मोठा केला. आणखी मोठा केला. वेगाला नाडी होती.

वेगाला दोन पाय घालायची भोकंही होती. चड्डी घोट्यात अडकून निशाणासारखी फडफडत होती, आणि तिने जे झाकायचं ते सूर्याकडे तोंड करून मोकळं उडत होतं.

वहिनी पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. "अहो, हे सहा फूट? दारात? शाळेच्या सहली येतात हो तिथे!"

"हा मी नव्हेच!" थोरले ताडकन उठले.

"तीळ तुमचा आहे," मी म्हणालो.

"तीळ असेल! बाकी माझं नाही!"

खरं सांगतो, तिथे गप्प बसलो असतो तर पुढची दहा वर्षं मला ही गोष्ट सांगून चहा मिळाला असता. पण नजर मनोऱ्याच्या भिंतीवर गेली. पाणी किती खोल त्याचा आकडा तिथे रंगवलेला, आणि तो आरशात पाहिल्यासारखा उलटा. मी फिल्म काढून तिरपी धरली. चकचकीत बाजू जिथे हवी तिथे मंद बाजू. नवी चौकट बसवताना थोरल्यांनी फिल्म पालथी घातली होती आणि वर खूणही केली होती. पालथी उलथी केली, पुन्हा स्कॅन घेतला. आकडा सरळ झाला. गाल उजवा झाला, आणि तीळही उजव्या गालावर गेला.

"सुटलो!" थोरले ओरडले. "हा कठडाच! मी म्हणत होतो ना? मी तर मागे कठडा धरून उभा..."

वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांच्या कानात शिरलं. खुर्ची हाताला लागली तसे ते बसले.

"घरातला बल्ब बदलायला स्टुलावर मी चढते," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच ओळखायला हवं होतं मला. भाऊजी, तुम्ही तरी बोलायचं होतंत!"

"काय बोलणार वहिनी? चड्डी तळाला गेली होती. पाण्यात तासभर गळ्यापर्यंत बसलो होतो. टॉवेल दादाकडे." धाकट्यांनी चष्मा थोरल्यांच्या मांडीवर ठेवला, छत्री ठेवली, पिशवी ठेवली. "दादा म्हणाला, उडी माझी म्हण, मग टॉवेल टाकतो. थंडी फार होती हो."

"मला वाटलं पाण्यात पडल्यावर निसटली असेल," थोरले पुटपुटले. "डोळे मिटलेले होते माझे. तुम्ही असं करा, कमरेपासून वरचाच भाग छापा. आणि पाटीचं आपण घरी बसून..."

"अख्खा छापा," धाकटे म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे बहुधा त्यांनाही नवीन होतं. "सहा फूट. चड्डीसकट. आणि पाटीवर नाव माझं."

"अरे, लोक हसतील तुला!"

"अठ्ठेचाळीस वर्षं हसतायत दादा, कठड्याला. आता उडीला हसू देत."

कमिटीने कुरकुर केली, पण मनोऱ्यावरून दुसऱ्या कुणाच्या पहिल्या उडीचा फोटोच नव्हता. समारंभाला मी गेलो होतो. चित्रावर रेशमी पडदा नव्हता, धाकट्यांनी घरून आणलेला जुना टॉवेल टांगला होता. तो काढायचा मान त्यांनी वडीलभाऊ म्हणून थोरल्यांना दिला. टॉवेल उंचावर होता, खाली दोन पायऱ्यांचं स्टूल ठेवलेलं. थोरल्यांनी स्टुलाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि स्टुलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटले.

वहिनी पदर खोचून वर चढल्या.