टबातले जिवाणू

"शीतल! हात काढ आधी त्याच्यातून!"

कौसल्याबाई बांधावरूनच ओरडल्या. घनसावंगीजवळच्या त्यांच्या रानात उसाची लागवड चालली होती. पोटुशी सून टबातल्या गढूळ पाण्यात उसाच्या टिपऱ्या, म्हणजे लावायचे तुकडे, बुडवत होती, आणि मुलगा राजानंद आत्ताच सांगून गेला होता, "आई, त्या पाण्यात जित्ते जिवाणू हायेत."

जिवाणू! कौसल्याबाईंना जंतूच आठवले. त्यांची थोरली लेक बाळंतपणात जंतू लागूनच गेली होती. त्यांनी सुनेला ओढत नळावर नेलं आणि तिचे हात लाल होईस्तोवर साबणानं चोळले.

संध्याकाळी शीतलला हुडहुडी भरून ताप आला.

कौसल्याबाईंनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्याकडं नेलं. "नाहिदच्या औषधात जंतू व्हते. माझ्या सुनंला लागले," हे त्या वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या. नाहिद गावचीच लेक. शेतीचं शिक्षण घेऊन जिवाणू खत तयार करायची; टबात तेच कालवलं होतं. जीप दवाखान्यात पोचेपर्यंत गावभर बोभाटा झाला. माणसं नाहिदच्या दारात जमली, तिचे कॅन रस्त्यावर ओतले.

इकडे डॉक्टरीणबाईंनी शीतलला तपासलं. "लघवीचा जंतुसंसर्ग आहे. दिवसभर पाणी पीत नाही का ही?"

"रानात आडोसा न्हाई," शीतल खालमानेनं म्हणाली. "मंग पाणीच पीत न्हाई."

"आन् ते टबातलं पाणी?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"त्याचा काही संबंध नाही. बाळही ठीक आहे."

एवढ्यात नाहिद दवाखान्याच्या दारात आली. कौसल्याबाई भिंतीकडं सरकल्या. आता ही भांडणार! पण तिनं आधी विचारलं, "शीतल कशी हाय, मावशी?"

मग ती शेजारी बसली. "माणसाला मारणारे जंतू येगळे, मावशी. हे तर उसातच राहत्यात. हवेतलं नत्र घेऊन उसाला देत्यात, युरिया कमी लागतो. लहानपणापासून ऊस खाल्ला न तुम्ही? त्याच्यासंगं हेबी खाल्ले! मला एकदा इचारायचं तरी. आज लोकांनी माझ्या अम्मीला ढकलून दिलं."

"इमामबीला? माय गं! म्या काय करून बसले!" कौसल्याबाईंनी तोंडावर हात मारून घेतला. सुनेसाठी त्या जेवढ्या भ्याल्या नव्हत्या, तेवढ्या आता स्वतःच्याच तोंडाला भ्याल्या.

शीतलचा ताप उतरल्यावर त्या आधी इमामबीकडं गेल्या, पाया पडल्या. मग शिल्लक राहिलेला एक कॅन घेऊन रानात आल्या. लागवडीला आलेल्या बायका लांब उभ्या होत्या. कौसल्याबाईंनी टबातल्या पाण्यात कॅन ओतला. भीती अजून गेली नव्हतीच. तरी त्यांनी कोपरापर्यंत हात घातले.

"बघा गं! चूक माझी व्हती. न इचारता म्या बोंब मारली!"

एकेक बाई पुढं आली. राजानंदनं त्याच दिवशी बांधावर पत्र्याचा आडोसा उभा केला. त्या साली ऊस जोमानं आला, युरियाही कमी लागला.

वाचकहो, भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण भीतीच्या भरात कुणावर बोट रोखलं, की खरा आजार बाजूला राहतो आणि निर्दोष माणूस धक्के खातो. घाबरलात, तर आधी जाणत्याला विचारा. गावाला सांगायचं ते त्यानंतर!