चिमटीतलं अंतर

मागच्या महिन्यात कोर्टाने द्वारकाबाई लोणारी यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत सव्वा फूट अंतर घातलं. हात तेवढाच आहे, बोटं जागच्या जागी आहेत, पण मधे सव्वा फूट आहे. मी स्वतः पट्टी घालून मोजलंय. बाईंनी चिमूट मिटायला घेतली की बोटं एकमेकांकडे निघतात आणि पोचतच नाहीत.

याला अंतरिम मनाई म्हणतात. बावीस वर्षं मी पेटंटचे खटले लढवतेय. पंपाला, इंजेक्शनच्या सुईला, एकदा तर छत्रीच्या दांड्याला मनाई मिळालेली मी पाहिली आहे. बाईमाणसाच्या बोटांना मिळालेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

द्वारकाबाईंची संगमनेरला खानावळ आहे. समोरच्या कारखान्यात एका कंपनीने कँटीन काढलं आणि तिथे मीठ टाकणारं यंत्र बसवलं. वर डबा, खाली दोन रबरी बोटं. आठवड्याभरात कामगार रस्ता ओलांडून बाईंकडे जेवायला यायला लागले. कंपनीने बाईंवर खटला भरला आणि पेटंट काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, 'अंगठा व बोट, अथवा तत्सम दोन भाग, यांच्यामध्ये धरून पदार्थाची पूर्वनिश्चित मात्रा उचलण्याची व सोडण्याची पद्धत.' म्हणजे चिमूट. मेल्यांनी चिमूट स्वतःच्या नावावर करून घेतली!

कंपनीकडून बेलसरे सर उभे होते. मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं, "पेटंटचा दावा लिहिताना 'तत्सम' विसरू नकोस. जगात जे जे सुटून जाईल ते ते त्या एका शब्दात गोळा होतं." तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मीही शेकडो ठिकाणी 'तत्सम' लिहिलं, आणि पैज लावून सांगते, एकदाही त्याची लाज वाटली नव्हती.

पेटंट पाडायचं तर ती गोष्ट आधीपासून लोकांना माहीत होती, याचा लेखी पुरावा लागतो. मला हसू आलं. चिमटीचा पुरावा! मी चारशे बारा घरांतून पाककृतींच्या वह्या गोळा केल्या आणि रात्रंदिवस वाचल्या. चारशे अकरा वह्यांत एकच होतं: 'मीठ चवीपुरते.' कसं उचलायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं. अहो, लिहितं का कुणी?

"लिहिलेलं नाही, म्हणजे माहीत नव्हतं," जज्जसाहेब म्हणाले.

"साहेब, श्वास कसा घ्यायचा हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही."

"तसा अर्ज आला तर पाहू."

बेलसरे सरांनी ते लगेच टिपून घेतलं.

चारशे बारावी वही माझ्या आईची होती. तिच्यात भोपळ्याच्या घारग्यांखाली शाईने लिहिलेलं होतं, 'मीठ चिमूटभर.' मी ती वही नाचवतच पुढे गेले. बेलसरे सरांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "हे माप झालं. पद्धत कुठंय?" जज्जसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. त्याबरोबर आईच्या अक्षरातला 'चि' पानाच्या या कडेला सरकला आणि 'मूट' त्या कडेला गेला. वही मिटली तरी ते एकत्र आले नाहीत. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ही माणसं तिच्या वहीत हात घालत होती. मला इतका संताप आला की मी वही छातीशी धरून तिथेच उभी राहिले.

कोर्टही तेव्हापासून लांबायला लागलं. माझ्या टेबलापासून जज्जसाहेबांच्या खुर्चीपर्यंत सात पावलं होती, ती दुसऱ्या तारखेला अठरा झाली. मी तक्रार केली. शिपाई म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना तेवढंच चालावं लागतं." पण बेलसरे सर मात्र सातच पावलं चालत होते.

आता एकच मुद्दा उरला होता. पेटंटच्या दाव्यात 'पूर्वनिश्चित मात्रा' होती, आणि बाई अंदाजाने मीठ घालतात. अंदाज म्हणजे निश्चित नव्हे. बेलसरे सर म्हणाले, "दाखवा." म्हणून आज साडेअकरा ते साडेबारा, एक तासापुरती, बाईंच्या बोटांवरची मनाई उठवली. बोटं चटकन जुळली. बाईंनी ती डोळ्यांना लावली.

मीठ आलं, सराफाकडून काटा आला. मी बाईंच्या कानाशी लागले. "बाई, दहा चिमटी घ्यायच्यात. हात जरा हलवा. एखादी कमी, एखादी जास्त. तेवढं केलंत तर जिंकलो आपण."

"चुकवू व्हय?"

"मुद्दाम."

"वकीलबाई, जेवणारा ताट घेऊन बसला की त्याला न्हाई म्हणायचं नसतं, आन् त्याच्या ताटात चुकायचंबी नसतं."

"इथे कुणी जेवायला बसलेलं नाहीये!"

"मीठ हाय न्हवं हितं," बाई म्हणाल्या.

पहिली चिमूट बासष्ट सेंटिग्रॅम भरली. दुसरीही बासष्ट. मी देवाचा धावा करत होते. दहाच्या दहा चिमटी बासष्ट भरल्या, काटा कणभर हलला नाही. चाळीस वर्षं एका हाताने पोरांना, मजुरांना, ड्रायव्हरांना जेवू घातलं, आणि तोच हात बाईंवर उलटला. अरे, थू तुमच्या कायद्यावर! हे मी मोठ्याने म्हणाले. पण तोवर माझं टेबल चाळीस पावलांवर गेलं होतं आणि कुणाला ऐकू गेलं नाही.

"प्रतिवादीला आणि सर्वांना कायमची मनाई," जज्जसाहेब म्हणाले.

हुकूम बोलला की लागू होतो. टिकतो मात्र सहीवर. कोर्ट साडेबाराला उठेपर्यंत सही झाली नाही तर तो गळून पडतो. जज्जसाहेबांनी शाईचं पेन उचललं आणि ते खाली पडलं. टंकलेखकाच्या हातातला कागद सुटला. शिपायाची किल्ली फरशीवर पडून वाजली. बेलसरे सर चष्मा सावरायला गेले, तर चष्मा नाकावरून घसरून फुटला. माझ्याही बोटांमध्ये अंतर पडलं, मला ते थंडगार जाणवलं. तत्सम! सरांच्या 'तत्सम'मध्ये सगळेच गोळा झाले होते. बारा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. मी हसले. तीन मिनिटं कुणी काही केलं नाही की संपलं.

मग जज्जसाहेबांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्यांना दिलेला तास अजून संपला नव्हता; साडेबारापर्यंत त्या खोलीत फक्त त्यांचीच बोटं जुळत होती.

"बाई, तेवढं पेन द्या."

बाईंनी वाकून पेन चिमटीत उचललं. साहेबांनी हात पुढे केला, पण त्या बोटांत काही ठरेना.

"तुम्हीच धरा. मी तुमचा हात हलवतो."

"बाई, नको!" मी ओरडले आणि धावत सुटले. "ते तुमच्याच विरुद्ध आहे! ठेवा खाली!" मी धावत होते आणि फरशा वाढत होत्या. बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना मी दिसत होते, एवढं नक्की.

साहेबांनी हुकुमाचा कागद दोन्ही तळव्यांनी ताटासारखा पुढे सरकवला.

"सहीपुरतं फक्त," ते म्हणाले.

"पुरतं म्हंजी किती, साहेब?"

घड्याळात बारा एकोणतीस झाले होते. पेनाच्या टोकाला शाईचा एक थेंब धरला होता, आणि बाई हात कागदावर धरून, डोळे बारीक करून, त्याचा अंदाज घेत होत्या.