पाळायचे डास

"माणूस आणि डास यांच्यातल्या युद्धाचा शेवट आज या गल्लीतून सुरू होत आहे," असं साहेबांनी जाहीर केलं आणि लगेच स्वतःच्या मानेवर चापट मारली. मग हात रुमालाला पुसून त्यांनी खुलासा केला की आता डास मारायचे नाहीत, सोडायचे आहेत. यावर गल्लीत जी शांतता पसरली तिचा फायदा घेऊन साहेब गाडीत बसले. मागे उरला धूरवाला.

त्यानं अर्धं आयुष्य खांद्याला यंत्र अडकवून गल्लोगल्ली धूर सोडला होता. त्यापायी एक कान गेला, पण मान मिळाला. धूर दिसतो, त्याचा वास येतो, ठसका लागतो. सरकार काहीतरी करतंय याची माणसाला अगदी छातीतून खात्री पटते. आता आरोग्य खात्यानं यंत्र काढून घेऊन त्याच्या हाती भोकाभोकांचे पांढरे डबे दिले होते. डब्यात पाणी, पाण्यात डासांची अंडी. अंगणाअंगणात एकेक टांगायचा.

"काल मारत होतास, आज वाटत सुटलास," शिंपी म्हणाला. "उद्या ढेकूण आणशील."

"हे डास वेगळे आहेत."

"चावत नाहीत?"

"चावतात."

"मग वेगळं काय? आधी विचारतात?"

यांच्या अंगात एक जिवाणू असतो, तो असला की डेंग्यूचा विषाणू आत नीट वाढत नाही, इथल्या डासांशी यांचं जमलं की पुढची पिढीही तशीच निपजते, हे धूरवाला सकाळपासून सांगून सांगून थकला होता. मास्तरीणबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "ते पटलं. पण धूर कधी?"

शेवटी शिंप्यानंच तोड काढली. "तुझ्या ताईनं डबा लावला तर आम्हीही लावू."

ताई लावणार नाही हे ठाऊक असल्यामुळे सगळ्यांनी उदार मनानं होकार दिला. ताईचा नवरा डेंग्यूनं गेला होता. तेव्हापासून डास मारायची बॅट तिच्या हातातून सुटली नव्हती. आणि आज गल्ली नाही म्हणाली, तर डबे दुसऱ्या वस्तीत जाणार होते. ताईची गल्ली होती तशीच राहिली असती.

"पाय पूस. डबा बाहेर ठेव," ताई दारातच म्हणाली.

"ऐकून तर घे."

"ऐकलंय. शिंपी मघाशीच सांगून गेला, तुझा भाऊ कामातून गेला म्हणून." बॅट चटकन वाजली. "ह्यांना ताप चढला तेव्हा रोज धूर करून जायचास. सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा."

"हो."

"मग आता हे काय?"

"ताई, धूर रस्त्यावर होता. डास पलंगाखाली."

"म्हणजे एवढा धूर केलास त्याचं..."

"भाऊजींना खोकला झाला. तेवढंच."

ताई कितीतरी वेळ बॅटचं बटण दाबत बसली. मारायला समोर काहीच नव्हतं. मग तिनं डबा उचलून भोकातून आत पाहिलं.

"यातले मारायचे नाहीत?"

"नाही."

"ओळखायचे कसे?"

"ओळखता येत नाहीत."

"म्हणजे कुठलाच मारायचा नाही. चावला तरी."

"थोडे महिने."

"तुझ्या खात्याला काही कामधंदा नाही," ताई म्हणाली आणि अंगणात गेली. नवऱ्याची सायकल टांगायचा खिळा भिंतीत अजून होता. त्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली, डबा अडकवला, जरा मागे सरून पाहिलं आणि पुन्हा सरळ केला.

कुंपणावरून शिंपी हे बघत होता. तो थोडा वेळ चुळबुळला. "माझा सावलीत लाव," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

धूरवाल्यानं उरलेले डबे उचलले. ताई एव्हाना घरात गेली होती. ती स्टुलावर चढून बॅट कपाटाच्या वर, पार मागे सरकवत होती.

"अरे, ऐक," ती तिथूनच म्हणाली. "जाताना जाळीचं दार ओढून घे. डास येतात."