अर्धीच राहिलेली शिशी

मित्रांनो, मी जुनी झाली तं काय झालं, औषधाचीच शिशी आहो! पोटातले जंतू मारनारी. धानोऱ्याच्या मेडिकलमधून खुशबूबाईनं मले आनलं, भुकटीत पानी टाकून हलवलं, पोट बिघडलेल्या तिच्या लेकीले, पिंकीले, पाजलं, अन् पोरगी लगेच खेळाले लागली. मंग काय, मी फळीवर रानीवानी!

संपवलं मातर नाई मले. आमच्या गावात विरजन मागतात ना, तशा शेजारनी मले मागत. "खुशबू, शिशी दे वं, पोराले हागवन लागली." कोनाले दोन चमचे, कोनाले एक. पोट थांबलं का मी परत फळीवर. घरोघरी अशाच अर्ध्या शिश्या. पन ऐट माहीच!

यंदा पिंकीलेच रक्ताची हागवन लागली. मले पाजलं. काहीच नाई. पुन्हा पाजलं. पोरीचे डोळे खोल गेले, मान टाकली तिनं. खुशबूबाई रडतच दवाखान्यात पळाली, संगं मी पिशवीत.

डॉक्टरीनबाईनं सलाइन लावलं, संडास तपासाले पाठवली अन् मले उजेडात धरलं. "पानी घातलेलं औषध काऊन ठेवलं इतके दिवस? थोड्याच दिसात त्याचा जोर जाते. अन् अर्धं अर्धं पाजलं? त्यानं कमजोर जंतू मरतात, तगडे उरतात. तेच वाढून दुसऱ्या लेकरांच्या पोटात जातात. आता ते याले भेतच नाई!"

मंग आली ती. नवी शिशी! पिंकी उठून बसली, भात मागाले लागली. सारे त्या नव्या शिशीचंच कवतिक करून राह्यले. घरी आली तं माह्याच फळीवर, माह्याच जागेवर! माहा जीव असा जळे, काय सांगू!

तेवढ्यात शेजारची भागीरथाबाई आली. "पिंकी तं बरी झाली ना वं? मंग उरलेलं दे. माह्या विक्कीचं पोट बिघडलं."

मी मनात म्हटलं, दे! होऊ दे ह्या नवीचंही माह्यावानी!

खुशबूबाईचा हात शिशीपर्यंत गेला. पिंकीकडं पाहून थांबला. "नाई वं बाई. डॉक्टरीनबाईनं सांगतलं तितके दिस पिंकीले पाजाचंच आहे. विक्कीले दवाखान्यात घेऊन चाल, मी येतो संगं."

"आली मोठी डॉक्टरीन!" भागीरथाबाई फनकारली. पन विक्कीले काखेत घेतलंच तिनं.

शेवटला चमचा पिंकीले पाजला अन् नवी शिशी रिकामी झाली. मित्रांनो, तुमच्या फळीवर माह्यासारखी कोनी बसली असन, तं कोनाच्याच लेकराले पाजू नका. अन् डॉक्टरानं नवी देली, तं सांगतलं तसं पुरं औषध घ्या, बरं वाटलं तरी.

मी आजही जळतो तिच्यावर. तिले संपू देलं ना! मले कोनी संपूच देलं नाई.