दंडावरून पाठीखाली

मी रक्तदाब मोजायचे एक जुने यंत्र आहे. कापडी पट्टा, रबरी फुगा आणि काट्याची गोल तबकडी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, दवाखान्यात मी किती दंडांना मिठी मारली, त्याला गणतीच नाही. पुढे आपोआप आकडे दाखवणारी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली.

एके दिवशी शेजारच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मला मागून नेले. मला वाटले, चला, पुन्हा दंड! पण त्यांनी मला चक्क गादीवर आडवे ठेवले आणि भालाफेक करणाऱ्या एका मुलीला माझ्यावर उताणे झोपवले. तिचे गुडघे उभे आणि मी तिच्या कमरेखालच्या पोकळीत. मी चक्रावलेच. पाठीत कुठे नाडी असते?

बाईंनी फुगा दाबून थोडी हवा भरली. "बेंबीखालचं पोट हळूच आत घे. श्वास रोखू नकोस. आता एक पाय उचल. काटा हलता कामा नये."

तिने पाय उचलला मात्र, माझा काटा धाडकन खाली!

"बघितलंस? पायाबरोबर कंबरही उचलली जातेय. भाला फेकताना हेच होत असणार. म्हणून दुखतं."

मुलीचे बाबाच तिचे प्रशिक्षक. आडदांड माणूस, एके काळचे गोळाफेकपटू. ते म्हणाले, "बाई, निवड स्पर्धा तोंडावर आलीय. पोरीचं पोट बघा, दगड आहे नुसता! आणि तुम्ही काटा कसला बघताय?"

"वरचे स्नायू दगड आहेत हो. पण आत कमरेला धरून ठेवणारे स्नायू वेळेवर जागे होत नाहीत. तुम्हीच झोपून बघा ना."

बाबा झोपले. दात-ओठ खाऊन पाय उचलला, तर काटा उडाला पार दुसऱ्या टोकाला.

"हसवू नका हो बाबा, पाठीत कळ येतेय!" मुलगी कळवळत हसली.

बाबांनी पुन्हा करून पाहिले. काटा काही ऐकेना. ते उठून बसले आणि हळूच म्हणाले, "या स्पर्धेला आपण नाही जायचं, बाळा. आधी तुझी पाठ."

मुलीचे हसू मावळले. ती पुन्हा माझ्यावर आडवी झाली. तिचे हुंदके मला पट्ट्यातून कळत होते.

मग व्यायाम सुरू झाले. कधी ती रांगत्या बाळासारखी होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करी, कधी कोपरावर कुशीने तोलून राही. भिंतीवरच्या फळीवरून मी सगळे निरखत असे. इतक्या संथ हालचालींनी भाला कसा लांब जाणार, हे मला काही केल्या उमगेना. पण एक दिवस तिने पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला आणि माझा काटा जागचा हलला नाही. बाबाच श्वास रोखून उभे होते.

पुढच्या मोसमात ती पुन्हा मैदानात उतरली. स्पर्धेनंतर दोन दिवसांनी धावतच बाईंच्या खोलीत आली.

"किती लांब गेला?" बाईंनी विचारले.

"पूर्वीपेक्षा थोडा कमीच. पण बाई, दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आवरलं, तरी मला पाठ आहे याची आठवणच झाली नाही!"

मित्रांनो, दुखणे लपवून खेळू नका, जाणत्या माणसाला दाखवा. आणि दुखणे गेले तरी व्यायाम सोडू नका. ती मुलगी आजही माझ्यावर येऊन झोपते. काटा हलतो का, हे पाहायची उत्सुकता तिच्याइतकीच मलाही असते.