सायन्नाची चाल

सर्र... थप्प. सर्र... थप्प.

कोदंडय्याच्या हातातलं अंडं खाली पडून फुटलं. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन अंगणभर पसरलं होतं आणि सायन्नाला मरून तीन वर्षं झाली होती. तरी गल्लीतून गेला तो सायन्नाच. चाळीस वर्षं गावाची मोडलेली हाडं बसवणाऱ्या माणसाला चाल ओळखायला डोळे लागत नाहीत. उजवं पाऊल कडेवर घासत जायचं, डावं सपाट आपटायचं. अशी चाल गावात एकाचीच होती, आणि ती कोदंडय्यानंच घडवली होती.

"अहो, अंडं लेपात घालायचं होतं की जमिनीला पाजायचं होतं?" बायको, राजव्वा, आतून म्हणाली.

"दार लाव," एवढंच तो म्हणाला.

पंधरा दिवस हेच चाललं. रोज नऊच्या सुमाराला ती चाल यायची आणि कोदंडय्या भर उन्हात दार लावून बसायचा. भूत दिसण्यापेक्षा ऐकू येणं वाईट. डोळे मिटता येतात, कानांचं काय करायचं?

दहा वर्षांपूर्वी ताडी काढताना सायन्ना झाडावरून घसरला आणि डाव्या घोट्यावरची नळी मोडली. कोदंडय्याच्या बापानं त्याच्याकडून एकच धडा घोकून घेतला होता : मोडक्या पायाला हात लावायच्या आधी धडका पाय बघ. पण त्या दिवशी अंगणात निम्मं गाव जमलं होतं आणि कोदंडय्याला चेव चढला. पाऊल आत वळलेलं दिसलं, ते मोडल्यामुळेच वळलं असं त्यानं धरलं, आणि ओढून नाकासमोर सरळ करून बांबूच्या कामट्या बांधल्या. "इतका देखणा पाय तुझ्या बापजन्मी नव्हता," असं वर ऐकवलंही. लोक हसले, सायन्नाही हसला.

दोन महिन्यांनी कामट्या सोडल्या, दोन्ही पाय शेजारी शेजारी आले, तेव्हा कोदंडय्यानं पहिल्यांदा धडका पाय नीट पाहिला. धडकं पाऊलही आतच वळलेलं होतं. वीस वर्षं खोडाला विळखा घालून ताडीवाल्याचे तळवे एकमेकांकडे बघायला लागतात. ते वळण हीच त्याची पकड, आणि कोदंडय्यानं ती काढून घेतली होती. तेव्हा बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. सायन्ना त्या सरळ पावलानं सात वर्षं झाडं चढला आणि एके दिवशी डावा तळवा सटकला. तेव्हापासून कोदंडय्या हात बसवायचा, बरगडी बांधायचा. पाय मोडलेला कुणी आला की सरळ तालुक्याच्या दवाखान्याची वाट दाखवायचा.

सोळाव्या दिवशी ती चाल गल्लीतून पुढे गेली नाही, अंगणात शिरली. राजव्वानं दार उघडलं. दारात सायन्नाची विधवा पोचव्वा होती, आणि मागे तिची अठरा वर्षांची मुलगी मणेम्मा.

"कोदंडय्या, ही तीन वर्षं मावशीकडे होती, लग्नासाठी परत आणली," पोचव्वा म्हणाली. "पहिले पाहुणे अधू म्हणून नाकं मुरडून गेले. सोमवारी दुसरे येतायत. कुठे मोडलंय ते बघा तरी."

कोदंडय्यानं खुब्यापासून घोट्यापर्यंत दोरी लावली. दोन्ही पाय सारखे. गुडघे फिरवले, घोटे फिरवले, लोण्यासारखे फिरले. फक्त डावी पोटरी बोटभर बारीक होती.

"कुठे पडलीस?"

"कुठेच नाही, ताता," आजोबांना म्हणावं तसं मणेम्मा म्हणाली.

"मग अशी का चालतेस?"

"अशी म्हणजे कशी?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. लहानपणी ताडीची मडकी घेऊन ती बापामागून शेताच्या बांधानं चालायची. गवतात साप असतो, माझ्याच पावलात पाऊल टाक, असं बापानं बजावलं होतं. सात वर्षं तिनं तेच केलं.

कोदंडय्या तिच्या पायाशी उकिडवा बसला. "हे बघ पोरी, पाऊल म्हणजे पहार. चवडा टेकू, आणि पोटरी टाच वर ओढते. तुझी डावी पोटरी झोपलीय, तिला उठव. आता एका पायावर उभी राहा. खुब्याच्या बाहेर हात ठेव. लागतंय घट्ट? कावडीला एकीकडेच घागर असली की दुसरं टोक आपण हातानं दाबतो ना? तसंच ते तुझं धड तोलून धरतंय. त्याच्यावर विश्वास ठेव. चल."

अंगणाच्या सातव्या फेरीला थप्प गेलं. दहाव्या फेरीला सर्रही गेलं. रोज शंभर फेऱ्या घाल, तो म्हणाला. पोचव्वानं डोळ्यांना पदर लावला.

"तिच्यात काही मोडलेलं नाही," कोदंडय्या म्हणाला, आणि मग त्याला थांबता येईना. "चूक माझी होती. सायन्नाचा धडका पाय मी आधी बघितलाच नाही."

मणेम्मा शांतपणे म्हणाली, "बापूला ठाऊक होतं, ताता. बरा झाल्यावर पहिल्यांदा झाडाला पाय लावला तेव्हाच कळलं. आई तुमच्याशी भांडायला निघाली होती. बापू म्हणाला, गप बस. कोदंडय्याला कळलं तर त्याचा हात थरथरेल. मग गावाचे पाय कोण बसवणार?"

कोदंडय्या तिथेच जमिनीवर बसून रडला. मायलेकी गेल्या तेव्हा गल्लीत आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एका गवंड्याला बाजेवर घालून आणलं. परांचीवरून पडून मांडी मोडली होती. राजव्वा चुलीपुढूनच ओरडली, "पाय असेल तर तालुक्याला न्या म्हणावं!"

"राहू दे," कोदंडय्या म्हणाला आणि उठून अंगणात निघाला. सर्र... थप्प.

"अहो, ती पोरगी परत आली का?"

"नाही."

"मग कोण चालतंय?"

कोदंडय्यानं खाली पाहिलं. त्याचं उजवं पाऊल कडेवर होतं. डावं सपाट पडलं होतं. सरळ कसं टाकायचं ते त्यानं कालच शिकवलं होतं.

"कोणी नाही," तो म्हणाला. तसाच चालत तो बाजेपाशी गेला, आणि त्यानं आधी गवंड्याचा धडका पाय उघडा केला.