किकरच्या बदल्यात मॅकेल्विन

शनिवारी दुपारी एक वाजता, अमेरिकेतल्या एरी शहरातल्या पोलिश क्लबात, लेन ओल्शेफ्स्कीवर मॅकेल्विनची निंदा करायची पाळी आली. नुसती निंदा करून भागणार नव्हतं, ती समोरच्याला पटायला हवी होती.

मॅकेल्विन म्हणजे बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, बॉल फेकून सगळा डाव चालवणारा मुख्य खेळाडू. एरी पडलं तीन फुटबॉलवेड्या शहरांच्या मधोमध, त्यामुळे इथे एकाच घरात तीन संघांचे पाठीराखे निघतात आणि क्वार्टरबॅकवरून सख्खे लोक ताटावरून उठून जातात. लेन इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर होता, छप्पन्न वर्षांचा. सहा वर्षं त्यानं या मॅकेल्विनची बाजू घेऊन जगाशी वैर धरलं होतं. एका फोरमननं मॅकेल्विनला 'लोणीबोट्या' म्हटलं, तर लेननं त्या फोरमनशी महिनाभर कामापुरतंही बोलणं ठेवलं नाही. अशा माणसानं बुधवारी रात्री आपला मॅकेल्विन एका किकरच्या, म्हणजे बॉलला नुसती लाथ मारण्यापुरत्या मैदानात येणाऱ्या किरकोळ खेळाडूच्या, बदल्यात देऊन टाकला होता.

खरा मॅकेल्विन अर्थात बफेलोतच होता. हा सगळा खेळ कागदावरचा. दहा जणांची फँटसी लीग: ऑगस्टमध्ये प्रत्येकानं खरे खेळाडू वाटून घेऊन आपापला संघ बांधायचा, आणि रविवारी ते खेळाडू मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण मोजायचे. मोसमात खेळाडूंची अदलाबदल करता येते. पण दहापैकी चौघांनी हरकत घेतली तर अदलाबदल रद्द होते, आणि हरकतीचा निकाल शनिवारी दोनच्या आत, क्लबात, सगळ्यांसमोर लागतो. तीन हरकती आधीच आल्या होत्या. दोन फोनवरून, आणि तिसरी फिट्झची.

फिट्झ नळदुरुस्तीवाला. दुसऱ्याच्या घरातली गळती शोधायची सवय त्याला क्लबातही सुटत नसे.

"मॅकेल्विन देऊन किकर घेतो कोणी?" तो म्हणाला. "शुद्धीतला माणूस घेतो? आणि देतो कुणाला, तर सख्ख्या भावाला. रिचीच्या क्वार्टरबॅकचं मनगट रविवारी मोडलं आणि बुधवारी ओल्शेफ्स्की बंधूंना प्रेमाचं भरतं आलं. आम्ही काय शेंगा सोलायला बसलोय इथे?"

"आम्ही दोन वर्षं बोलत नाही," लेन म्हणाला. "तुला माहितीये ते."

"म्हणून तर जास्त संशय येतो."

"एकेकानं बोला," डोना म्हणाली. डोना पिकारेल्ली शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची आणि लीगही तीच चालवायची. प्लास्टिकच्या फाइलीत नियमावली घेऊन ती टेबलाच्या टोकाला बसली होती. "माझी बसमधली पोरं बरी तुमच्यापेक्षा. कर्टिस, तुझं मत राहिलंय."

सगळं आता कर्टिसवर येऊन ठेपलं होतं. कर्टिस पोस्टमन, हळू बोलणारा, आणि पटलं तर मत बदलणारा लीगमधला एकुलता एक माणूस. त्यानं हरकत घेतली की चार व्हायच्या आणि मॅकेल्विन परत लेनकडे यायचा. दुसऱ्या कुणाला त्यात आनंद झाला असता. लेनला मात्र मॅकेल्विन परत यायला नको होता.

कारण लेनला तो किकर नको होता. त्याला भाऊ हवा होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, एका रविवारी दुपारी. रिची त्या वेळी बफेलोला स्टेडियममध्ये होता. दफनविधीनंतरचं जेवण याच हॉलमध्ये झालं, आणि पिएरोगींच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, ताटांसमोर, साठ-सत्तर माणसांच्या देखत, लेननं रिचीला सुनावलं, "आई मरत होती आणि तू मॅच बघत होतास." रिची ताट तसंच ठेवून निघून गेला. त्यानंतर तो क्लबात आला नाही, नाताळला आला नाही, लेनचा फोनही त्यानं कधी उचलला नाही. लीगमध्ये तेवढा तो राहिला, घरून, मोबाइलवरून.

आणि खरी गोष्ट अशी की रिचीला मॅचला लेननंच पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन-तीन आठवडे काढतील. रिची तीन रात्री जागा होता. लेननंच त्याला म्हटलं, जा, तिकीट वाया घालवू नकोस, मी आहे ना. हे त्या दिवशी जेवताना त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, तरी जीभ सुटली. माणसाला स्वतःचा राग काढायला समोर कुणीतरी लागतं आणि बहुतेक वेळा ते माणूस आपलंच असतं.

बुधवारी मॅकेल्विन पाठवताना निरोपाच्या चौकटीत तो एवढंच लिहू शकला: 'तुला लागेल.' चार मिनिटांत रिचीनं अदलाबदल स्वीकारली. त्या चार मिनिटांत लेननं फोन खाली ठेवला नव्हता.

हे सगळं फिट्झला सांगायचं? त्यापेक्षा जीभ तोडून दिली असती त्यानं.

"लेन, मला एवढंच सांग," कर्टिस म्हणाला. "गेल्या महिन्यात मी याच मॅकेल्विनसाठी तुला बॉल घेऊन पळणारे माझे सगळ्यात चांगले दोन गडी देत होतो. तू फोन आपटलास. आता किकर कसा काय चालतो?"

"गेल्या महिन्यात तो बरा होता."

"आणि आता काय झालं?"

"संपला," लेन म्हणाला.

फिट्झ मोठ्यानं हसला. "हा म्हणतोय संपला. डोना, लिहून घे, तारीख टाक."

"हस. तू बघतोस आकडे, मी बघतो माणूस." लेन पुढे झुकला. सुरुवात कशी करायची याची त्याला धास्ती होती, पण एकदा तोंड उघडल्यावर कसलीच अडचण आली नाही. सहा वर्षं गिळून ठेवलेलं सगळं आपणहून वर आलं. "त्याचे पाय बघा. पूर्वी पाय रोवून फेकायचा. आता अंगावर कोणी आलं की मागे सरकत सरकत फेकतो, मग बॉल जातो देवाच्या भरवशावर. डाव्या बाजूनं हल्ला झाला की तो बघायचंच सोडतो. क्लीव्हलंडविरुद्ध तीन पास समोरच्यांच्या हातात दिले. तीन. वाढप्यासारखे नेऊन दिले."

"पाऊस होता त्या दिवशी," कर्टिस म्हणाला. हे वाक्य गेल्या सोमवारी स्वतः लेननंच त्याला ऐकवलं होतं.

"समोरच्यांवर काय ऊन पडलं होतं?"

कर्टिसनं मान हलवली. लेनला वाटलं, जमतंय. आणि जमतंय याचंच त्याला वाईट वाटलं, कारण यातलं काहीच खोटं नव्हतं. पाठीराख्याला आपल्या माणसाचे दोष शत्रूपेक्षा जास्त माहीत असतात, तो फक्त ते बोलत नाही.

मागे दार उघडलं. शहरालगतच्या मोठ्या सरोवरावरचा गार वारा आत आला आणि लेनच्या मानेला लागला. तो वळला नाही. बिअरचे पिंप आणणारा माणूस या वेळेला येतोच. घड्याळात पावणेदोन होत आले होते.

फिट्झनं दाराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे लेन, तुझ्या मते मॅकेल्विन ज्याच्या गळ्यात पडला तो फसलाच म्हणायचा."

"फिट्झ," डोना म्हणाली.

"अगं, विचारतोय फक्त."

"फसलाच," लेन म्हणाला. तो कर्टिसकडे बघत होता, आणखी एका धक्क्याचं काम आहे असं त्याला वाटत होतं. "डिसेंबरात वारा सुटला की याचे हात गारठतात. डोळे मिटून घेणारा फसणारच. मी वेळेत सुटलो. मला किकर मिळाला, तो निदान रविवारी लाथ तरी मारेल. त्याला मिळालं भंगार."

कर्टिस आता लेनकडे बघत नव्हता. टेबलावरच्या पेपरोनी बॉलच्या, मांस भरलेल्या पावाच्या गोळ्यांच्या, बशीकडे बघत तो हळूच म्हणाला, "ठीक आहे. पटलं. माझी हरकत नाही."

"माझी आहे," मागून आवाज आला.

लेन वळला. दारापाशी रिची उभा होता. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो तो. त्याच कामाचं नारिंगी जाकीट अंगात, बुटांना रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ लागलेलं. दोन वर्षांत त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. लेनला ते आधी दिसलं, बाकीचं मागाहून लक्षात आलं.

रिची त्याच्याशी बोललाच नाही. "डोना, मी दिलेली मान्यता मागे घ्यायला किती वेळ आहे?"

"दोनपर्यंत. चौदा मिनिटं."

"मग घेतली मागे. भंगार ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

"रिची, ऐक," लेन उठला. खुर्ची मागे पडली. "मी ते यांच्यासाठी बोलत होतो. यांनी मान्य करावं म्हणून."

"तू कायम यांच्यासाठीच बोलतोस." रिचीचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे तो जास्त लागत होता. "त्या दिवशीही याच हॉलमध्ये यांच्यासाठीच बोललास. बुधवारी मला वाटलं, चला, यानं स्वतःहून काहीतरी केलं. आज अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलो. म्हटलं फिट्झ त्रास देईल, आपण बाजूला उभं राहू. जाऊ दे."

त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला. हा आता गेला की पुन्हा येणार नाही, हे लेनला स्वच्छ कळलं. बाहेर जाऊन, गाडीपाशी, एकट्याला गाठून सांगता आलं असतं. तसं सोपं गेलं असतं. पण रिचीला जे बोललो ते चारचौघांत, आणि परत घ्यायचं ते मात्र आडोशाला, हे त्याच्या मनाला पटेना.

"डोना, तू होतीस त्या दिवशी," तो म्हणाला. "कर्टिस, तूही होतास. फिट्झ, तू तर माझ्या शेजारच्या खुर्चीत होतास. मी म्हटलं होतं, आई मरत होती आणि हा मॅच बघत होता. त्याला मी पाठवलं होतं. तो जात नव्हता. मीच त्याच्या हातात गाडीच्या किल्ल्या दिल्या आणि म्हटलं, काही होत नाही, मी आहे. मी होतो आणि ती गेली. मला ते सहन झालं नाही म्हणून त्याच्यावर ढकललं. दोन वर्षं ढकलून ठेवलं. मॅकेल्विन त्यासाठी दिला. किकरबिकर काही नाही. तो संपलेला नाही, तो या देशातला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक आहे, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं."

टीव्हीवर कॉलेजची मॅच आवाज बंद करून चालू होती. तिकडे सगळेच बघायला लागले, पण स्कोअर कुणालाच सांगता आला नसता.

"म्हणजे माझं बरोबर होतं," फिट्झ म्हणाला. मग त्यालाच आपला आवाज ऐकू आला असावा. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मला हे माहीत नव्हतं, रिची."

"कुणालाच नव्हतं," रिची म्हणाला. त्याचा हात अजून मुठीवर होता.

डोनानं फाइल उघडली. तिला ती उघडायची गरज नव्हती, नियम तिनंच लिहिले होते. "खेळाबाहेरच्या कारणासाठी केलेली अदलाबदल रद्द. मागे घेतली असो वा नसो," ती म्हणाली. "माफ करा, पण रद्द. रिची, उद्या तुझ्याकडे क्वार्टरबॅक नाही."

"नसू दे."

त्यानं मूठ सोडली. टेबलापर्यंत आला, पण बसला नाही. लेनची पडलेली खुर्ची दोघांच्या मधे आडवी होती.

"एक विचारू?" रिची म्हणाला. "दोन वर्षं विचारायचं होतं. तुझा फोन आला की वाटायचं विचारावं, आणि मग उचलायचो नाही." तो खाली बघत होता. "शेवटी ती काही बोलली?"

"स्कोअर विचारला तिनं."

रिचीनं मान वर केली.

"मी टीव्ही बंद ठेवला होता," लेन म्हणाला. "तिला आवाज नको म्हणून. तर म्हणाली, रिची गेलाय ना, बघ काय झालंय. मी फोनवर बघितलं."

"मग?"

"सांगितलं, चोवीस-दहा. आपण पुढे."

रिची त्याच्याकडे बघतच राहिला. त्या दुपारी तो स्वतः स्टेडियममध्ये, स्कोअरबोर्डच्या बरोबर समोर बसला होता. मॅचच्या चारपैकी तिसऱ्या टप्प्यातच अर्धं स्टेडियम उठून घरी गेलं होतं. तो मात्र हट्टानं शेवटपर्यंत बसून राहिला होता.

"एकतीस-शून्य होता," तो म्हणाला. "आपला एकही पॉइंट नव्हता."

"माहितीये. तिला तसं सांगवेना."

"ती काय म्हणाली?"

पुढचं लेननं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"हसली," तो म्हणाला. "म्हणाली, मग तो शेवटपर्यंत थांबेल. त्याला बोलावू नकोस."